गळ्यावरचा वर्ख

डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात पाण्याचा पाइप फुटला, भिंतीवरच्या चित्रात ओल शिरली, म्हणून ते चित्र धाकटीकडे आलं. धाकटी कागद दुरुस्त करायची. जुने नकाशे, दस्तऐवज, पुस्तकांची सुटी पानं, छापचित्रं. जे जे कागदाचं आणि जे जे फाटलेलं, कुजलेलं, कसर लागलेलं, ते तिच्या टेबलावर येऊन पडायचं. 'धाकटी' हे घरातलं नाव. वयानं ती पन्नाशीला टेकली होती, केस पांढरे झाले होते, पण जिला थोरली बहीण असते तिची धाकटेपणातून सुटका नसते. थोरली जाऊन तीन वर्षं होत आली, तरी नसते.

डॉक्टर स्वतःच चित्र काखेत मारून आले होते.

"काहीतरी करा हो," ते म्हणाले. "पेशंट माझ्या तक्त्यावरची अक्षरं सोडून या पक्ष्यांकडे बघत बसतात. ज्याला खुर्चीतून त्या पक्ष्याचा डोळा दिसतो त्याला चष्मा नको, हे मी तपासायच्या आधीच ओळखतो."

"ठेवून जा," धाकटी म्हणाली. "वाळायला वेळ लागेल. घाई करायची नाही."

ते गेल्यावर तिनं फ्रेमच्या पाठीमागची पट्टी सोडवली, पुठ्ठा काढला आणि चित्र टिपकागदावर उताणं ठेवलं. दोन हमिंगबर्ड होते. अंगठ्याएवढे जीव. मादी फांदीवर बसलेली, नर लोंबत्या फुलात चोच खुपसून हवेतल्या हवेत उभा. दीडशे वर्षांपूर्वी कुठल्याशा दूरच्या शहरात दगडावर रेखाटून हे चित्र छापलं होतं. छापताना नुसत्या काळ्या रेषा यायच्या; रंग मागाहून, एकेका प्रतीवर, हातानं भरायचे. नराच्या गळ्याला आधी सोन्याचा वर्ख, त्यावर पातळ डाळिंबी रंग, त्यावर डिंकाचं पाणी. कागद जरा तिरका केला की गळा पेटल्यासारखा लाल व्हायचा, आणखी तिरका केला की विझून काळपट हिरवा.

धाकटीनं भिंग लावून नराच्या डोळ्यात पाहिलं आणि तिचा हात थांबला.

पक्ष्याच्या डोळ्यात चित्रकार एक पांढरा ठिपका देतात, डोळा जिवंत दिसावा म्हणून. उजेड वरून येतो, म्हणून ठिपका वरच्या अंगाला देतात. इथे तो खालच्या कडेला होता. असा ठिपका देणारी एकच बाई धाकटीला माहीत होती. "तो फुलात तोंड घालून उभा आहे," थोरली म्हणायची, "त्याच्या डोळ्यात आभाळ कशाला येईल? फूलच येणार." मग धाकटीनं पिसांच्या रेघा पाहिल्या. सगळ्या डाव्या हाताच्या, उलट्या कलत्या. थोरली डावरी होती. कुणी तिच्या कामाची स्तुती केली की हात झटकून म्हणायची, "हा तर माझ्या डाव्या हातचा मळ."

"भेटलीस की गं," धाकटी एकटीच असताना मोठ्यानं म्हणाली. तिला बरं वाटलं होतं. थोरलीचे पक्षी कुठल्या कुठल्या भिंतींवर जाऊन बसले होते, त्यांतला एक आपणहून घरी आला होता.

मग ओल कुठवर गेलीय ते बघायला तिनं कागदाचा खालचा कोपरा उचलला. कोपरा जोडलेला होता. उंदरानं कुरतडलेली जागा, तिथं पातळ कागदाचा तुकडा खळीनं बसवलेला, कडा नखानं विरळ केलेल्या. असा जोड देणारीही एकच बाई धाकटीला माहीत होती, आणि ती आत्ता भिंग घेऊन बसली होती.

हा कागद भावोजींनी, थोरलीच्या नवऱ्यानं, तिच्याकडे दुरुस्तीला आणून दिला होता, आणखी बऱ्याच कागदांबरोबर, दोरीनं बांधून. थोरली गेल्यानंतर. तिला तो दिवस नीट आठवत होता, कारण भावोजी तेव्हा खुर्चीत बसून फक्त दोरीची गाठ सोडवत राहिले होते आणि ती त्यांना सुटत नव्हती. आणि तेव्हा या कागदावर रंग नव्हता. पक्षी, फूल, फांदी, सगळं काळं-पांढरं होतं.

अशा वेळी अंगावर काटा येतो म्हणतात. धाकटीच्या अंगावर काटा आला नाही. तिचं डोकं फिरलं.

भावोजींचं फ्रेमचं आणि जुन्या चित्रांचं दुकान होतं. पुढे काउंटर आणि भिंतीभर चौकटींचे नमुने, मागे थोरलीची खोली, तिला एकच मोठी खिडकी. एका जुन्या ग्रंथालयाची आवराआवर होताना हमिंगबर्डांच्या छापचित्रांचा मोठा गठ्ठा भावोजींना मिळाला होता, सगळी बिनरंगी. बिनरंगी पक्ष्यांकडे गिऱ्हाईक ढुंकून बघत नाही. थोरली ती रंगवायला लागली आणि भावोजी विकायला लागले. "जुनं छापचित्र, हातानं रंगवलेलं," ते गिऱ्हाइकाला सांगायचे. "यात खोटं काय आहे?" खोटं काहीच नव्हतं. फक्त हात कधीचा ते कुणी विचारायचं नाही आणि ते सांगायचे नाहीत.

थोरलीला आधी गंमत वाटायची. पुढेपुढे वाटेनाशी झाली. चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत नावं छापलेली असायची: पक्षी कुणी काढला, दगडावर कुणी उतरवला, कुणी छापला. रंग कुणी भरला ते कुठेच नसायचं. तेव्हा हे काम पोरीबाळी करायच्या, एका खोलीत रांगेनं बसून, एकीकडे लाल, दुसरीकडे हिरवा. "त्या मेल्या तरी मेल्यावर विसरल्या गेल्या," थोरली एकदा धाकटीला म्हणाली होती. "मी जिवंतपणीच मेलेल्या बाईच्या नावावर काम करते." दोघी त्यावर हसल्या होत्या. नंतर एका दुपारी, एका नराचा गळा रंगवता रंगवता, थोरलीचं हृदय थांबलं. कुंचला हातातच होता.

आता कुणीतरी तिच्या हाताची नक्कल करत होतं आणि भावोजी ती विकत होते. धाकटीनं चित्राचा फोटो काढला आणि रविवारच्या सुट्टीची वाटसुद्धा न बघता उठून दुकानात गेली.

दाराच्या काचेवर 'दुपारी बंद' अशी पाटी होती. हे नवीनच होतं. "गिऱ्हाईक आपल्या जेवणाच्या वेळेलाच येतं," हा भावोजींचा आयुष्यभराचा सिद्धांत. ते काउंटरवरच डबा उघडायचे. धाकटीनं काच वाजवली. बऱ्याच वेळानं भावोजी आले. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता.

"तू? फोन तरी करायचास."

"फोन केला असता तर तुम्ही सापडला नसता." तिनं फोटो काउंटरवर ठेवला. "ताईच्या टेबलावर कुणाला बसवलंयत?"

भावोजींनी फोटो पाहिला. "कुणाला नाही."

"हा कोपरा माझ्या हातचा आहे, भावोजी. मी जोडला तेव्हा ताई गेलेली होती आणि कागदावर रंगाचा टिपूस नव्हता. मग रंग काय आभाळातून पडला?"

"मीच केलाय."

धाकटीला हसू आलं. काच कापण्यात, कोन जुळवण्यात भावोजींचा हात धरणारा कुणी नव्हता, पण चित्र म्हणाल तर त्यांनी घोडा काढला की लोक स्टूल समजायचे. "दुसरं काहीतरी सांगा," ती म्हणाली.

भावोजी हसले नाहीत. त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "जरा बस. ऊन टेबलावरून सरकलं की वेळ होते. तुझं तूच बघ."

खोली थोरली असताना होती तशीच होती. रंगांच्या वाट्या, डिंकाची बाटली, वर्खाची पुडी, चिंधी. टेबलावर एक बिनरंगी छापचित्र पिना लावून ठेवलं होतं. भावोजी थोरलीच्या स्टुलावर बसले. त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला, एखादं झोपलेलं मांजर ठेवावं तसा. खिडकीतलं ऊन हळूहळू टेबलाच्या कडेला गेलं आणि खाली उतरलं.

भावोजींचा डावा हात उठला.

त्यानं कुंचला उचलला, पाण्यात बुडवला, ओठांशी नेऊन टोक जुळवलं. कुंचला तोंडात घालू नकोस, पोटात रंग जाईल, म्हणून धाकटीनं थोरलीला जन्मभर बोल लावले होते. मग हात कामाला लागला. पातळ हिरव्या रंगाची पहिली झाक पाठीवर पसरली, शेपटीकडे जाताना विरत गेली. कुंचल्याचा एक केस निघून कागदावर पडला. करंगळीच्या नखानं तो टिपून हातानं चिंधीला पुसला, बघावंही न लागता. कारण भावोजी बघतच नव्हते. ते धाकटीकडे तोंड करून बसले होते.

"बोल तू," ते म्हणाले. "चालतं. काम करताना कुणी बोललेलं तिला आवडायचंच."

बोलले ते भावोजीच. थोरली गेल्यावर काही दिवसांनी ते टेबल आवरायला बसले होते. वाळलेले रंग फेकायचे म्हणून एक कुंचला त्यांनी डाव्या हातात घेतला आणि तो त्यांना खाली ठेवता येईना. हातानं तिचा अर्धा राहिलेला पक्ष्याचा गळा पुरा केला.

"मी त्या दिवशी आनंदानं रडलो," भावोजी म्हणाले. "वाटलं, गेली नाही. सगळे म्हणत होते गेली, पण ती हातात येऊन बसली होती. कुणाला सांगितलं नाही. असं काही बोलायची सोय असते का?" हात एका वाटीतून दुसऱ्या वाटीत गेला. "पण ती थांबत नाही गं. दुपार झाली की हा मला कुठूनही ओढत इकडे आणतो. परवा बँकेच्या रांगेत होतो. यानं खिशातलं पेन काढलं आणि पुढच्या माणसाच्या सदऱ्यावर पिसं काढायला निघाला. मी उजव्या हातानं धरून ठेवला, तर लोक बघायला लागले. संसार केला इतकी वर्षं, तिची कधी भीती वाटली नाही. आता वाटते."

कागदावरच्या पक्ष्याला डोळा आला. पांढरा ठिपका, खालच्या कडेला.

"उरलेले कागद घेऊन जा," भावोजी म्हणाले. "काम नसेल तर येणार नाही ती."

धाकटीनं सगळे बिनरंगी कागद नेले आणि आपल्या कपाटात ठेवून कुलूप घातलं.

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा शाळेत गणित शिकवायचा आणि ज्याचा ताळा जुळत नाही त्यावर त्याचा विश्वास नसायचा. पण तो हसला नाही. भावोजींना घेऊन तो स्वतः मनाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर शहाणे होते. "दुःख कुठून बाहेर पडेल सांगता येत नाही," ते म्हणाले. "यांचं डाव्या हातातून पडतंय." त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी भावोजींना झोप लागली. हाताला लागली नाही.

दुकानाशेजारच्या टेलरचा धाकटीला फोन आला तेव्हा ती डोळ्यांच्या डॉक्टरांचंच चित्र सपाट व्हायला दाबात घालत होती. "बाई, जरा येऊन जाता का? साहेब आत आहेत, पण दार उघडत नाहीत. दोन दिवस झाले, डबा तसाच दारात पडून आहे."

थोरलीची किल्ली धाकटीकडे होती. पुढच्या दुकानात काही नव्हतं. आतल्या खोलीच्या दारात मात्र तिला उभं राहावं लागलं. खोलीभर पिसं होती. पुठ्ठ्यांवर, तपकिरी कागदाच्या गुंडाळीवर, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखांवर, चादरीवर, खिडकीच्या चौकटीवर. रांगेनं, एकावर एक, हिरवी, निळी, तांब्यासारखी. पक्षी एकही नव्हता. नुसती पिसं, अंग शोधत असल्यासारखी.

भावोजी आरामखुर्चीत मान मागे टाकून झोपले होते. सदऱ्याची वरची बटणं सुटलेली. त्यांचा गळा हनुवटीपासून छातीपर्यंत रंगवलेला होता. खवल्यांसारखी बारीक पिसं, खाली वर्ख, वर डाळिंबी. एकही रेघ चुकलेली नव्हती. श्वास आत गेला की गळा पेटायचा, बाहेर आला की काळपट हिरवा होऊन विझायचा. पेटायचा, विझायचा. मांडीवर डावा हात जागा होता. बोटांत ओला कुंचला होता आणि बोटं तो सावकाश फिरवत होती, पुढची जागा ठरवत असावीत तशी.

मग तिनं चिंधी भिजवून आणली आणि गळा पुसायला लागली.

भावोजी जागे झाले. "पुसतेस?"

"पुसतेय. हलू नका."

"आरशात पाहिला मी," ते हळूच म्हणाले. "फार सुंदर दिसत होता गं. त्यालाच घाबरलो."

हातानं कुंचला पुन्हा वर उचलला, पुसलेल्या जागेकडे. धाकटीचा इतके दिवस आवरलेला संताप एकदम वर आला. लहानपणी भांडताना यायचा तसाच.

"ताई!" ती ओरडली. "ते नवरा आहेत तुझे, कागद नव्हेत! ठेव तो खाली!"

हात थांबला.

धाकटीला आपण काय केलं ते कळलं. ती भावोजींवर ओरडली नव्हती. आणि भावोजींनी हात थांबवला नव्हता. त्यांच्या तोंडावरचा चकितपणा तिला दिसत होता. कुंचला सावकाश पाण्याच्या वाटीत गेला. हात खुर्चीच्या दांड्यावर उताणा पडला, बोटं उघडी. धाकटीनं भीतभीत आपला हात त्यात ठेवला. बोटं मिटली आणि तिचा अंगठा मुठीत धरला. सगळा हात नव्हे, नुसता अंगठा. शाळेत जाताना रस्ता ओलांडायच्या वेळी थोरली तिला अशीच धरायची, कारण धाकटीचा हात निसटायचा, अंगठा निसटायचा नाही.

ती तिथंच जमिनीवर बसली आणि रडली. थोरली गेली तेव्हा ती रडली नव्हती. सगळ्यांचं करण्यात राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी धाकटी कपाटातले कागद परत घेऊन आली. "ताईनं कधी काही अर्धं टाकलंय?" ती भावोजींना म्हणाली. "शेवया पानात उरल्या तरी मोजून संपवणारी बाई ती. तुम्ही काम बंद केलंत, मी कुलूप लावलं. तिनं काय करायचं?"

"म्हणजे पुरं होईपर्यंत असंच?"

"पुरं होईपर्यंत. पण मेलेल्या बाईच्या नावावर नाही."

तिनं थोरलीचं ते जुनं बोलणं त्यांना सांगितलं. भावोजींनी ते कधी ऐकलं नव्हतं. ऐकल्यावर ते उठून पुढच्या दुकानात गेले आणि चौकटींच्या नमुन्यांसमोर पाठ करून उभे राहिले.

"नाव घातलं तर दुकानाची काय पत राहील?" ते तिथूनच म्हणाले. "ज्यांनी घेतली त्यांना काय सांगू? इतकी वर्षं तुम्हाला गंडवलं म्हणून?"

"तुम्ही खोटं कुठे बोललात?" धाकटी म्हणाली. "आता उरलेलं खरं सांगा."

भावोजी बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा ऊन टेबलावरून उतरलं होतं. ते स्टुलावर बसले आणि हात कामाला लागला. एका जांभळ्या शेपटीच्या पक्ष्याचं चित्र होतं ते. पोट झालं, पंख झाले, डोळा झाला. धाकटीनं पर्समधून मऊ शिशाची पेन्सिल काढली. तिच्या धंद्यात जुन्या कागदावर एक रेघसुद्धा मारायची नसते; दुसऱ्यांनी मारलेल्या पुसण्यात तिचा जन्म गेला होता. ती टेबलाच्या बाजूला वाकली आणि खालच्या समासात, छापलेल्या नावांच्या ओळीला लागून, लिहायला लागली. 'रंग', आणि पुढे थोरलीचं नाव.

कागद ओला होता म्हणून समास उचलला जात होता आणि अक्षर हलत होतं. तेव्हा डाव्या हातानं कुंचला ठेवला, पुढे आला आणि समास दाबून धरला. लहानपणी धाकटीला अक्षर गिरवायला शिकवताना थोरली असाच कागद धरायची, लिहिणाऱ्याच्या बोटांच्या जरा खाली, घाई न करता. धाकटीनं नाव पुरं केलं. माहेरचं आडनाव लिहिलं आणि सासरचंही लिहिलं.

"दोन्ही?" भावोजींनी विचारलं.

"दोन्ही. ती दोन्हीकडे राबली."

चित्रं घेतलेल्यांना फोन करायचं काम भावोजींनी स्वतः केलं. "ती चित्रं जुनी आहेत, पण रंग माझ्या बायकोनं भरलेत," एवढंच ते सांगायचे. कधी भरलेत ते सांगायचे नाहीत आणि त्याबद्दल धाकटीनंही त्यांना दोष दिला नाही. एका हॉटेलवाल्यानं शिव्या घातल्या आणि चित्रं परत पाठवली. एक जण विसरूनच गेला होता की आपल्याकडे असं काही चित्र आहे. एक म्हातारी बाई म्हणाली, "मला वाटलंच होतं. मेलेल्या माणसाच्या हाताला इतका जिवंतपणा कुठून येणार?" भावोजींनी फोन खाली ठेवला आणि त्यानंतर त्या दिवशी दुसरा फोन केला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मात्र बाईंचं नाव काय, पुन्हा एकदा सांगा, म्हणून लिहून घेतलं आणि चित्राखाली पितळी पट्टी लावली.

त्यानंतर भावोजींचा हात पहिल्यासारखा सैरभैर झाला नाही. ऊन उतरलं की उठायचा, काम करायचा, कुंचला धुऊन टोक जुळवून ठेवायचा. भावोजी जेवायला लागले. आठवड्यातून एकदा धाकटी यायची, समोर बसून काहीबाही बोलायची. नवऱ्याच्या तक्रारी, कामावरच्या गमती. कधीकधी तो हात मध्येच थांबून ऐकतोय असं तिला वाटायचं. एकदा तिचा नवराही आला. तो दाराशी उभा राहिला, एक अख्खा पंख रंगवून होईस्तोवर. परत जाताना रस्त्यात म्हणाला, "याचा ताळा मला जमणार नाही."

कागद संपत आले तसे भावोजी उशीर करायला लागले. मुद्दाम नवी वाटी शोधायची, पाणी बदलायचं. ज्या हातापासून सुटायचं होतं त्याला आता ते रेंगाळायला लावत होते. धाकटीला ते दिसत होतं.

शेवटचं चित्र एका अगदी साध्या पक्ष्याचं होतं, राखी रंगाच्या मादीचं. तिच्या गळ्याला चमक नव्हती. वर्ख लागणार नव्हता. काम लवकर झालं. हातानं कुंचला धुतला, चिंधीनं पुसला, वाट्या एकात एक घातल्या. मग तो उजव्या हातावर जाऊन बसला, त्याला जरासं थोपटून तिथंच जड झाला.

"गेली," भावोजी म्हणाले.

त्या डाव्या हातात कितीतरी दिवस ताकद नव्हती. चमचासुद्धा धरवायचा नाही. हळूहळू आली. पावसाळ्याच्या तोंडाशी भावोजींनी दुकान पुन्हा दिवसभर उघडं ठेवायला सुरुवात केली. शेवटचे पक्षी त्यांनी विकले नाहीत. पुढच्या भिंतीवर लावले, प्रत्येकाखाली नाव.

धाकटी एका दुपारी गेली तेव्हा ते काउंटरवर डबा उघडून बसले होते, जेवत नव्हते.

"हात बरा आहे ना आता?" तिनं विचारलं.

भावोजींनी डावा हात समोर धरला, उलटा करून पाहिला, बोटं उघडली आणि मिटली.

"बरा आहे," ते म्हणाले. "माझाच आहे. दुपार झाली की मी बसतो जाऊन स्टुलावर. तो माझाच असतो."

तेवढ्यात एक बाई आत आली. तिला मुलीच्या लग्नातल्या फोटोला चौकट हवी होती, पण फार भपकेबाज नको. भावोजींनी डब्याचं झाकण लावलं, सदऱ्याला हात पुसले आणि नमुने दाखवायला उठले.